रेस्क्यूच्या नावाखाली कुत्रं गळ्यात मारणारे: पैसे देण्याआधी काय तपासायचं

‘आज कोणी नेलं नाही तर उद्या याला रस्त्यावर सोडणार आहेत.’ ब्रीड रेस्क्यू म्हणजे एखाद्या जातीची सोडून दिलेली कुत्री सांभाळून त्यांना नवं घर शोधणारे ग्रुप. त्यांच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीची सुरुवात बहुतेकदा या वाक्याने होते. लॅब्रॅडॉरचा किंवा पगचा केविलवाणा फोटो असतो, दत्तक शुल्क काहीच नसतं, फक्त प्रवासखर्च द्यायचा असतो. माणूस कळवळतो आणि पैसे पाठवतो.

दुसऱ्या दिवशी वाहतूकवाला म्हणून भलत्याच नंबरवरून मेसेज येतो: क्रेट (प्रवासाचा पिंजरा) नियमाच्या मापाचा नाही, दुसरा घ्यावा लागेल, अनामत परत मिळेल. मग विमा. मग एखादं आरोग्य प्रमाणपत्र. प्रत्येक रक्कम ‘परत मिळणारी’ असते, आणि आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. थांबलात तर प्राण्याला वाऱ्यावर सोडल्याची तक्रार करू, अशी धमकी येते. या प्रकारात कुत्रं मुळात नसतंच. कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपवरून गाडी कुठे पोचली ते दिसतंय, असं कोणी सांगितलं तर तिथेच बोलणं संपवा. मायक्रोचिपमध्ये बॅटरी नसते, ती ठिकाण सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला की फक्त नंबर देते.

इंटरनेटवर फोटो शोधून पाहा, पण तो सापडला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. डावं-उजवं उलटवलेला फोटो बऱ्याचदा निसटतो. खरा उपाय म्हणजे व्हिडिओ कॉल, आणि त्यात आयत्या वेळी सांगितलेली गोष्ट: डावा कान उचलून आतून दाखवा, ओठ वर करून दात दाखवा, तुम्ही आत्ता सांगितलेला शब्द कागदावर लिहून कुत्र्याशेजारी धरा. आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत हे जमत नाही.

दुसरा प्रकार जास्त दुखावणारा, कारण तिथे कुत्रं खरं असतं आणि ग्रुप खोटा. ब्रीडर, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणारा, नको झालेल्या माद्या आणि न विकलेली पिल्लं ‘रेस्क्यू’ म्हणून खपवतो. खऱ्या ग्रुपकडे बहुतेक वयात आलेली किंवा म्हातारी कुत्री येतात. ज्याच्याकडे मागणी असलेल्या जातीची दोन महिन्यांची पिल्लं बारा महिने तयार असतात, तो विक्रेता आहे. ‘कागदांसह’, म्हणजे जातीच्या दाखल्यासह, जास्त पैसे मागणाराही तोच. मादीचे सड लोंबलेले असतील, दात पिंजऱ्याच्या गजांवर झिजलेले असतील, घरातला जिना पाहून ती गोठत असेल, तर ती पैदाशीसाठी पिंजऱ्यात ठेवलेली असू शकते; ती कुठून आली ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

लसीचं कार्ड हातात घेऊन नीट पाहा. खऱ्या कार्डावर प्रत्येक डोसपुढे कुपीवरून काढलेलं स्टिकर असतं. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. शेजारी डॉक्टरांची सही आणि शिक्का असतो. बनावट कार्डात स्टिकरची जागा कोरी असते आणि महिन्याभराच्या सगळ्या तारखा एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात. पिल्लाच्या मुख्य लसी ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होतात, दर २ ते ४ आठवड्यांनी देतात आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर पडतो. म्हणून दहा आठवड्यांच्या पिल्लाचा ‘कोर्स पूर्ण’ असूच शकत नाही. वय दातांशी ताडून पाहा: कायमचे सुळे साधारण ५ ते ६ महिन्यांत येतात, तेव्हा ते दिसत असताना कार्डावर तीन महिने लिहिलेलं असेल तर कार्ड दुसऱ्या कुत्र्याचं आहे. दवाखान्यात फोन करा, पण नंबर तुम्ही स्वतः शोधलेला हवा. कार्डावर छापलेला नको.

चिपचा नंबर बहुधा १५ अंकी असतो. स्कॅनर खांद्यांच्या मधोमध टेकवून लगेच उचलू नका. चिप सरकते, म्हणून मान, दोन्ही खांदे आणि पुढचे पाय असा सावकाश फिरवा. नंबर कागदाशी जुळला तरी काम अर्धंच झालं. नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते पाहा. आधीच्या मालकाचं नाव तसंच असेल तर नाव बदलून मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.

कुत्रं दोनदा, वेगवेगळ्या वेळी भेटा. चावणारं किंवा बिथरणारं कुत्रं गुंगीचं औषध देऊन ‘शांत स्वभावाचं’ म्हणून दाखवतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आलेला, मागचे पाय लटपटणारे, हाक मारली तर उशिरा वळणारी मान, अशी चिन्हं दिसली तर त्या दिवशी घरी नेऊ नका.

खरा ग्रुप तुम्हालाच प्रश्न विचारून भंडावतो: घर भाड्याचं का, कुत्रं किती तास एकटं राहील, आधीच्या कुत्र्याचे डॉक्टर कोण. घर बघायला येतो. करारात चावल्याचा इतिहास लिहितो आणि जमलं नाही तर कुत्रं आमच्याकडेच परत द्या, अशी अट घालतो. हे कलम नसेल तर सही करू नका.

पिल्लू घरी आलं की दोन-तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि १४ दिवस इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवा. पार्व्हो हा पिल्लांना होणारा जीवघेणा, संसर्गजन्य विषाणूजन्य आजार. त्याचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला बहुधा ३ ते ७ दिवस लागतात, त्यामुळे देताना उड्या मारणारं पिल्लू आठवड्यात उलट्या आणि रक्ताची हगवण होऊन कोसळतं. तेव्हा वाट पाहू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा आणि विष्ठेची तपासणी करून अहवाल लेखी मागा.

पैसे गेले असतील तर आधी बँकेला कळवा, मग पोलिसांत तक्रार द्या. समोरच्याला ब्लॉक करण्यापूर्वी सगळे मेसेज, नंबर आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या जपून ठेवा. कुत्रं तुमच्याकडे असेल तर तक्रारीत चिपचा नंबर लिहा. ते दुसऱ्या कोणाचं चोरलेलं असेल तर त्यावरूनच शोध लागतो.