कोलाडला 'चांदण्यातली राफ्टिंग' विकणाऱ्यांपासून सावध राहा

कोलाडजवळ कुंडलिका नदीवर रात्रीची राफ्टिंग होत नाही. कुणी 'चांदण्यात राफ्टिंग आणि नदीकाठी टेंट' असं पॅकेज विकत असेल तर तो थापा मारतोय, हे आधीच सांगून टाकते. आमच्या ग्रुपकडून असेच १५,३०० रुपये उकळले गेले.

आम्ही नऊजण कॉलेजपासूनचे. बऱ्याच वर्षांनी सगळ्यांच्या सुट्ट्या जुळल्या होत्या. इन्स्टाग्रामवर एक पान दिसलं: संध्याकाळी साजे गावाजवळ बोटीत बसायचं, चांदण्यात खाली यायचं, काठावर टेंट, शेकोटी, बार्बेक्यू, सकाळी नाश्ता करून परत. माणशी २,४००. फोनवरचा माणूस अगदी अदबीनं बोलायचा. "ताई, व्हेजवाल्यांचं जेवण वेगळ्या भांड्यात करतो," "लेडीजचा टेंट वॉशरूमजवळचा देतो." निम्मे पैसे, म्हणजे १०,८००, आगाऊ घेतले. यूपीआयवर कॅम्पचं नाव न येता भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे." निघायच्या आदल्या रात्री लाइफ जॅकेटची अनामत म्हणून माणशी आणखी ५०० मागून घेतले, 'परत मिळतील' असं सांगून.

नागोठणं ओलांडलं आणि त्याचा फोन बंद. पाठवलेल्या लोकेशनवर पोचलो तर एका शेताचं गंजलेलं फाटक, त्याला कुलूप, आत पपईची झाडं. राखणदार आजोबा बाहेर आले आणि आम्ही काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "तुम्ही पण बुकिंगवालेच का?" दर शनिवारी कुणी ना कुणी येतं म्हणाले. एकदा तर लहान मुलं घेऊन आलेलं कुटुंब अंधारात तिथंच उभं होतं. मला अजूनही सगळ्यात जास्त संताप त्याचाच येतो.

नदीचं गणित आम्हाला आजोबांनीच समजावलं. मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि वीज तयार झाली की कुंडलिकेत सोडलं जातं. म्हणून तर ही नदी उन्हाळ्यातही वाहते. राफ्टिंग होतं ते याच सोडलेल्या पाण्यावर, आणि तेही सकाळी. पाणी सुटलं की पात्र बघता बघता भरतं. त्यामुळे पात्रातल्या वाळूवर टेंट लावून देतो म्हणणारा फक्त पैशाचा चोर नाही, तो जिवाशी खेळतोय.

त्याने पाठवलेला व्हिडिओ त्या रात्री नीट पाहिला. बोटी एका लांबलचक झुलत्या पुलाखालून जातात आणि मागे मजल्यामजल्यांचं उंच देऊळ दिसतं. ते ऋषिकेश आहे, लक्ष्मणझुल्याचा परिसर. कुंडलिकेच्या काठी असलं काही नाही.

पुढे त्याचाच मेसेज आला: 'रिफंड पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.' आमच्यातली एक बँकेत आहे, तिनं तिथंच थांबवलं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

असं काही झालं तर त्याच्या मागे फोन करत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा किंवा सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. पैसे त्या खात्यातून पुढे काढले जायच्या आत कळवलं तर ते गोठवता येतात. आमची अनामतीची रक्कम तशी अडवली गेली, आगाऊ दिलेले पैसे मात्र आधीच पुढे गेले होते. यूपीआय ॲपमधला व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा, तो विचारतात. चॅट डिलीट करू नका.

बुकिंग करताना आयोजकाला नोंदणी विचारा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार राफ्टिंग चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. शिवाय बोट पाण्यात किती वाजता उतरते तेही विचारा. खऱ्या माणसाचं उत्तर सकाळचंच येईल, आणि पाणी कधी सुटतं यावर तो स्वतःहून बोलेल. पैसे मागताना घाई करणाऱ्याला 'तिथं येऊन देतो' म्हणून पाहा.

ते जुनं पान आता बंद आहे. पण झुलत्या पुलाचा तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाच्या पानावर 'पौर्णिमा स्पेशल' म्हणून फिरतोय. दिसला तर रिपोर्ट करा.