‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’: पावसाळ्यापासून उशाशीच आहे

सलमान रश्दींनी आपल्या मुलासाठी, झफरसाठी लिहिलेलं हे पुस्तक १९९० साली आलं. आम्ही ते पावसाळ्यात हातात घेतलं. एकदा संपल्यावर लेकीने लगेच पहिल्यापासून सुरू करायला लावलं. पानं सुटलीत, चिकटपट्टीवर काम चाललंय.

गोष्टी सांगून पोट भरणारा रशीद. बायको सोडून जाते, मुलगा हारून चिडून विचारतो, खऱ्या नसलेल्या गोष्टींचा उपयोग काय? आणि बापाची वाचाच बसते. मग हारून कहाणी नावाच्या, पृथ्वीच्या दुसऱ्या चंद्रावर पोचतो. तिथे गोष्टींचा समुद्र आहे आणि गोष्टींचा वैरी खत्तमशुद त्यात विष कालवतोय. ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीवरून १९८९ साली निघालेल्या मृत्यूच्या फतव्यानंतर लपून राहावं लागलेल्या माणसाने हे लिहिलंय, ते मोठ्यांना जाणवत राहतं. मुलांचं त्यावाचून काही अडत नाही.

हे मोठ्यानेच वाचावं. मनातल्या मनात वाचताना मला त्यातल्या कोट्या जरा जास्तच वाटल्या होत्या. आवाज काढून वाचल्या की हशा पिकतो. कहाणीवरच्या गुप देशाचं सैन्य लढाईला निघतं तेव्हा शिपाई सेनापतीच्या योजनेची खुशाल चिरफाड करतात. हारून हादरतो. त्यावर बट्ट हुदहुद हा यांत्रिक पक्षी म्हणतो, बोलायचं स्वातंत्र्य द्यायचं आणि ते वापरू द्यायचं नाही, याला काय अर्थ? त्या रात्री झोपायच्या वेळेवरून आमच्या घरात हेच वाक्य माझ्यावर उलटलं.

सगळ्यात लाडका मात्र शत्रूच्या चुप देशाचा योद्धा, मुद्रा. त्याच्या सावलीला स्वतःचं मन आहे आणि तो हातांच्या खुणांनी बोलतो. आम्ही दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च लावतो, लेक भिंतीवर बोटांनी बोलते, ‘आई, ओळख!’

खटकलं ते राजकन्या बातचीतचं. तिचं नाक, तिचं गाणं, यांवरून तीच ती टिंगल. ‘नाक कसंही असलं तर काय?’ असं लेकीनेच विचारलं. शेवटही फार सहज जुळून येतो.

इंग्रजी दाट आहे, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना अधूनमधून मराठीत समजावत वाचून दाखवा. आता सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’ची मागणी आहे. तोही गोष्टींचाच समुद्र, अकराव्या शतकातल्या काश्मीरमधला. मुलांसाठीची बरी मराठी आवृत्ती माहीत असेल तर सांगा.