छायाप्रत डोळे झाकून मागवा, पुनर्मूल्यांकन मात्र डोळे उघडून: एका सार्वजनिक विद्यापीठाच्या परीक्षा सेवेविषयी

माझी मुलगी महाराष्ट्रातील एका सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात बी.एस्सी. करते. चौथ्या सत्रात तिचा भौतिक रसायनशास्त्राचा विषय राहिला आणि त्या निमित्ताने उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन या विद्यापीठाच्या दोन्ही सशुल्क सेवा आम्ही घेतल्या. विद्यापीठाचे नाव येथे देत नाही, कारण शेजारच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांशी बोलल्यावर लक्षात आले की नाव बदलले तरी अनुभव फारसा बदलत नाही. या दोन सेवा एकाच संकेतस्थळावर, एकाच अर्जाच्या दोन पायऱ्या म्हणून दिसत असल्या, तरी त्यांचा दर्जा इतका वेगळा आहे की त्यांना एकच शेरा देणे अन्यायाचे ठरेल.

आधी गुणपत्रिका वाचायची कशी, ते सांगणे भाग आहे, कारण मीही पहिल्या दिवशी ती चुकीची वाचली होती. लेखी परीक्षा 75 गुणांची, अंतर्गत मूल्यमापन 25 गुणांचे. मुलीला लेखीत 27 आणि अंतर्गतमध्ये 19, म्हणजे एकूण 46 गुण होते. शंभरात 40 ला उत्तीर्ण, मग 46 असून नापास कसे, असा प्रश्न मी तावातावाने महाविद्यालयाच्या खिडकीवर विचारला. तेथील लिपिकाने शांतपणे सांगितले, ‘‘काका, दोन्ही हेड वेगवेगळे पास व्हावे लागतात. लेखीला 30 पाहिजेत.’’ त्यामुळे गुणपत्रिकेवर ‘एफ’ ही श्रेणी आणि तिच्यापुढे शून्य गुणांक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पद्धतीत ‘ओ’ म्हणजे 10, ‘ए प्लस’ म्हणजे 9, आणि असे उतरत ‘पी’ म्हणजे 4. त्याच्या खाली थेट शून्य. प्रत्येक विषयाचा गुणांक त्या विषयाच्या श्रेयांकांनी (क्रेडिट्सनी) गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे, की सत्राची सरासरी, म्हणजे एसजीपीए, निघते. सगळ्या सत्रांचा असाच हिशेब केला की सीजीपीए.

सहकारी बँकेत तीस वर्षे लेजर जुळवण्यात घालवलेल्या माणसाला हे गणित अवघड नाही, पण त्यातली एक गोष्ट मला बरीच उशिरा उमगली. या पद्धतीत प्रत्येक गुणाची किंमत सारखी नसते. तीच मुलगी दुसऱ्या एका विषयात 58 गुणांवर होती. आमच्या विद्यापीठाच्या तक्त्यात 55 ते 59 ला ‘बी’ आणि 60 पासून ‘बी प्लस’. म्हणजे तेथे दोन गुण वाढले असते तर गुणांक 6 वरून 7 झाला असता. आणि ज्या विषयात 62 होते तेथे सहा गुण वाढूनही गुणांक जागचा हलला नसता. तेव्हा ‘गुण कमी वाटतात’ एवढ्यावरून अर्ज करण्यापूर्वी आपण कोणत्या सीमारेषेच्या किती जवळ आहोत, ते आधी पाहावे. (जाता जाता: सीजीपीएला 9.5 ने गुणून टक्के काढण्याची सवय अनेकांना लागली आहे. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीसाठी होते. विद्यापीठांची सूत्रे वेगवेगळी असतात आणि बहुधा गुणपत्रिकेच्या पाठीमागे छापलेली असतात.)

आता छायाप्रतीविषयी. निकाल 8 जुलैला लागला, आम्ही 14 जुलैला राहिलेल्या विषयासाठी आणि 58 गुणांच्या विषयासाठीही ऑनलाइन अर्ज केला आणि 26 जुलैला दोन्ही उत्तरपत्रिकांची पीडीएफ प्रत मुलीच्या खात्यात आली. बारा दिवस. सरकारी कामाच्या मानाने हा वेग मला चांगला वाटला. प्रत स्वच्छ होती, प्रत्येक पान सरळ होते आणि परीक्षकाचे नाव व सही तेवढी झाकलेली होती. हे झाकणे योग्यच आहे. सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात 2011 साली निर्णय दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालील ‘माहिती’ असून ती पाहण्याचा आणि तिची प्रत मिळवण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे; मात्र परीक्षकांची ओळख उघड करू नये, असेही त्याच निर्णयात म्हटले आहे. आपल्याकडे उत्तरपत्रिका पाहायला मिळणे ही आज साधी गोष्ट वाटते, पण ती तशी नव्हती. आपल्याच राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नियमांवरून झालेल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये फिरवला होता आणि उत्तरपत्रिका पाहू न देण्याचा व पुनर्मूल्यांकन न करण्याचा मंडळाचा नियम वैध ठरवला होता. माझ्या पिढीने हात जोडून ‘गुणपडताळणी’ची बेरीज तेवढी तपासून घेतली, ती या पार्श्वभूमीवर.

एक व्यावहारिक सूचना. विद्यापीठाच्या स्वतःच्या योजनेतून प्रत घेतली तर विद्यापीठाने ठरवलेले शुल्क द्यावे लागते. माहिती अधिकारातून मागितली तर त्या कायद्याचे शुल्क, म्हणजे महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपये आणि पानाला 2 रुपये. हे दोन्ही मार्ग खुले असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कंपनी सचिवांच्या संस्थेविषयीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्यास कायद्याने 30 दिवस मिळतात आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत निघून जाते. म्हणून घाई असेल त्याने विद्यापीठाचे महाग शुल्क भरावे, आणि केवळ आपले कुठे चुकले हे समजून घ्यायचे असेल त्याने स्वस्त मार्ग धरावा. फक्त उत्तरपत्रिका जतन करण्याची मुदत संपण्यापूर्वी अर्ज करावा, कारण नष्ट झालेल्या कागदाची प्रत कोणताच कायदा देऊ शकत नाही.

प्रत हातात आली आणि रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे ती घेऊन बसलो. 58 गुणांच्या विषयात परीक्षक बरोबर होते, हे मुलीनेच पहिल्यांदा कबूल केले: दोन उदाहरणांत एकके लिहिलेली नव्हती आणि एका आकृतीला नावे दिलेली नव्हती. ‘टाकून बघू’ म्हणून तेथे पुनर्मूल्यांकनाला पैसे भरणार होतो, ते वाचले. भौतिक रसायनाच्या पत्रिकेत मात्र वेगळेच दिसले. चौथ्या प्रश्नाचा ‘ब’ भाग तिने पुरवणीवर लिहिला होता. मुख्य उत्तरपत्रिकेची शेवटची तीन पाने कोरी होती आणि पुरवणी त्यानंतर स्कॅन झाली होती. पुरवणीवर ना बरोबरची खूण, ना चुकीची, ना गुण. पडद्यावर तपासताना कोरी पाने आली की पत्रिका संपली, असे परीक्षकाला वाटले असावे. मला त्या व्यक्तीचा राग आला नाही. दिवसाला ठरावीक पत्रिका संपवायच्या असतात. पण ज्या संगणक प्रणालीत एखादे पान न उघडता अंतिम गुण नोंदवता येतात, त्या प्रणालीतच खोट आहे, हे सांगायला हवे. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका एकदम पडद्यावर तपासायला घेतल्या तेव्हा निकाल महिनोन् महिने रखडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. त्यानंतर या पद्धतीतल्या अशा साध्या त्रुटी तरी दूर झाल्या असतील, अशी माझी समजूत होती.

3 ऑगस्टला आम्ही पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला आणि येथून या सेवेचा दर्जा घसरला. अर्जात कारण लिहायला जागाच नाही. पुरवणी तपासलेली नाही, ही एका ओळीची गोष्ट विद्यापीठाला सांगण्याचा एकही अधिकृत रकाना नव्हता. म्हणून स्वतंत्र पत्र लिहून प्राचार्यांमार्फत परीक्षा विभागाला पाठवले. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. निकाल 14 ऑक्टोबरला, म्हणजे 72 दिवसांनी आला. लेखीचे गुण 27 वरून 34 झाले, एकूण 53, श्रेणी ‘सी’, गुणांक 5. हा विषय चार श्रेयांकांचा आणि सत्राचे एकूण श्रेयांक 20, म्हणजे सत्राच्या सरासरीत पूर्ण एका अंकाचा फरक पडला. पण हे सात गुण पुरवणीचे की इतर उत्तरांचे, याविषयी एक शब्दही नाही. फक्त जुना आकडा आणि नवा आकडा.

दरम्यानच्या काळात ‘विषय राहिलेली’ विद्यार्थिनी म्हणून जे करावे लागते ते सगळे तिने केले. एटीकेटीमुळे, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षात जाण्याच्या सवलतीमुळे, तिसऱ्या वर्षाला बसता आले, हे खरे. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले होते म्हणून तेवढे निभावले. पहिल्या वर्षाचा एखादा विषय अडकलेला असता आणि त्यात अशी चूक झाली असती, तर तिचे वर्षच वाया गेले असते. पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागेपर्यंत फेरपरीक्षेचा अर्ज थांबवता येत नाही, म्हणून शुल्क भरले. परीक्षा 17 ऑक्टोबरला होती. निकाल तिच्या तीन दिवस आधी लागला, तोवर पाचव्या सत्राचा अभ्यास बाजूला ठेवून ती दोन आठवडे पुन्हा तेच भौतिक रसायन वाचत होती. भरलेले परीक्षा शुल्क परत मिळण्याची तरतूद नाही, असे खिडकीवर कळले. पुनर्मूल्यांकनाचे शुल्कही, चूक विद्यापीठाची निघाली तरी, परत मिळत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 प्रमाणे परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि 45 दिवसांच्या पुढे तर जायचेच नसते. आमची परीक्षा 29 एप्रिलला संपली आणि मूळ निकालच 70 दिवसांनी लागला. पुढची सगळी धावपळ या एका उशिरातून निर्माण झाली. न्यायालयात जाण्याचा सल्ला काही हितचिंतकांनी दिला. पण उत्तरपत्रिका पुन्हा तपासणे हे न्यायालयाचे काम नाही आणि शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये रणविजय सिंह यांच्या प्रकरणात सांगितलेले आहे, तेव्हा त्या वाटेने फार अपेक्षा ठेवू नयेत.

अंतर्गत गुणांना तर ही सेवा लागूच नाही. ते गुण महाविद्यालयातच पाहायचे आणि तक्रार असेल तर विद्यापीठाकडे यादी जाण्यापूर्वीच करायची. आणखी एक सावधगिरी: काही विद्यापीठांत पुनर्मूल्यांकनात गुण कमी झाले तर तेही स्वीकारावे लागतात आणि काही ठिकाणी ठरावीक मर्यादेहून अधिक फरक पडला तरच बदल धरतात, म्हणून अर्जाखालचे बारीक अक्षरांतले हमीपत्र वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये.

छायाप्रतीला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक कापला तो शुल्कासाठी. पुनर्मूल्यांकनाला दोन, आणि तेही गुण अखेर दुरुस्त झाले म्हणून. नवी गुणपत्रिका हे लिहीपर्यंत आलेली नाही. जुनी मात्र आमच्याकडून जमा करून घेतली आहे. पाचव्या सत्राच्या परीक्षेत मुलीने प्रत्येक मुख्य उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या लिहिलेल्या ओळीखाली ‘पुढील उत्तर पुरवणीवर पाहावे’ असे लिहिले आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर आडव्या रेघा मारून टाकल्या.