फर्ग्युसन टीई-२० च्या मागच्या रिमा: जुनी दुरुस्त करावी की नवी बसवावी?

कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला २८ इंची रिम असते आणि जीर्णोद्धारात बहुधा तीच सर्वाधिक गंजलेली निघते. वजन वाढवण्यासाठी टायरमध्ये भरलेले कॅल्शियम क्लोराइडचे पाणी झिरपते आणि व्हॉल्व्हच्या भोकाभोवतीचा पत्रा आतून खाऊन टाकते.

जुनी मूळ रिम मिळाली, तर तिच्यावर ठोकलेली कारखान्याची खूण, कडेची गोलाई आणि डिस्क, म्हणजे चाकाची मधली तबकडी, बोल्टने बसवण्याचे कान (रिमला आतून जोडलेले धातूचे तुकडे) हे सारे अस्सल असते. या कानांचे महत्त्व मोठे आहे, कारण रिम व डिस्क उलटसुलट बसवूनच चाकांमधील अंतर ४८ ते ७६ इंचांपर्यंत चार-चार इंचांनी बदलता येते. मात्र रंगाखाली पुट्टी भरून भोके बुजवलेली असू शकतात. म्हणून व्हॉल्व्हजवळ हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर ती घेऊ नये.

नवी रिम सरळ फिरते, ट्यूब कापत नाही आणि टायर निर्धास्त चढवता येतो; परंतु तिचे कान जाडीला किंवा जागेला किंचित चुकले, तर चाक डुलते.

ट्रॅक्टर शेतात राबणार असेल, तर मी नवीच घेईन. केवळ जपायचा असेल आणि गंज व्हॉल्व्हपुरताच असेल, तर तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड केलेली जुनी रिमच मला अधिक प्रिय आहे.