गरम इंजिनची सोळा-तेरा

जुना ट्रक बघायला गेलात आणि रेडिएटरला हात लावता येत नसेल, तर तिथूनच परत फिरा. 'आत्ताच डिझेल भरून आणली, दादा' हे पुण्याजवळच्या एका यार्डात मलाही ऐकवलं गेलं. गाडी टाटा १६१३, सहा सिलिंडरचं ६९७ इंजिन, ताजा रंग, केबिनमध्ये नवं रेक्झिन.

तापलेलं इंजिन अर्ध्या सेल्फवर (स्टार्टरवर) लागतं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बसलं असेल तर ते थंड असतानाच कळतं: सेल्फ लांबवावा लागतो आणि न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर निघतो. त्यात ऑइल मुद्दाम घट्ट टाकलेलं. त्याने प्रेशरचा काटा वर राहतो, जळणाऱ्या ऑइलचा निळा धूर दबतो. ऑइलची फिलर कॅप काढली तर बॅक मारत होती, म्हणजे आतून वाफ फेकत होती; त्यावर एजंटाचं उत्तर, 'अहो, डिझेल आहे, एवढा श्वास घेणारच.' ही वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती पार मागे चेसिसखाली सोडली होती, म्हणजे उभ्या माणसाला वाफ दिसायलाच नको. काळा धूरही नव्हता, कारण इंजिनच्या डिझेल पंपातून जाणारं डिझेल कमी केलेलं. पिकअप नाही म्हटलं की 'अ‍ॅव्हरेजला सेट केलीय' तयारच. पंपाचं शिशाचं सील तुटलेलं आहे, हे नंतर साताऱ्याच्या मिस्त्रीने दाखवलं. एवढं डोकं आणि एवढी मेहनत रिंगा बदलण्यात घातली असती तर गाडी खरंच विकण्यासारखी झाली असती.

घेतलेली गाडी साताऱ्याकडे आणताना खंबाटकीच्या चढाला, तीही रिकामी, सोंग उतरलं. ऑइल तापून पातळ झालं, काटा खाली आला आणि आरशात निळ्या धुराशिवाय काही दिसेना.

इंजिनचं एक वेळ काम करून घेता येतं. चेसिसचं दुखणं वाईट. मिस्त्रीने मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळचा रंग खरवडला, तर खाली चीर आणि वर वेल्डिंग करून बसवलेली पट्टी. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पत्रा कमजोर होतो, मग लोड पडला की पट्टीच्या कडेला नवी चीर जाते. म्हणून टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली झोपाच. क्रॉस मेंबरला, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्टीला, कंपनीचे रिव्हेट असायच्या जागी नटबोल्ट दिसले, किंवा अख्खी चेसिस कळकट असून एवढाच तुकडा चकचकीत असला, तर खरवडू द्या म्हणा. यार्डवाला नाही म्हणाला तर काय ते समजा.

कागदांचं थोडक्यात. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या कोऱ्या सह्या होत्या, मालक मात्र कधी समोर आला नाही. आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच. तो उतरवायला फायनान्सवाल्याच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणि एनओसी लागते. पैसे देण्याआधी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून फिटनेस आणि टॅक्स कुठवर आहे ते बघा, ई-चलनंही तपासा. आठ वर्षांवरच्या मालगाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, आणि अशी चेसिस घेऊन तिथे उभं राहायचं म्हणजे कठीणच.

पोलिसांत गेलो तेव्हा एजंटाने पावती पुढे केली: 'गाडी जशी आहे तशी पाहून, चालवून, पसंत करून घेतली.' खाली माझी सही. तशी पावती पुढे आली तर 'चालवून' शब्द खोडायला लावा आणि शेजारी लिहून घ्या: चेसिसला वेल्डिंग नाही, बोजा नाही, चलनं बाकी नाहीत. सही एजंटाची नको, आरसीवर नाव आहे त्याची घ्या.