वर्गणी भरून वाचलेले ऑनलाइन वृत्तपत्र

जाहिरातींचा पैसा गूगल-फेसबुककडे वळल्यापासून वृत्तपत्रांना वाचकाच्या खिशावर विसंबणे भाग पडले आहे, त्यामुळे वर्गणीबद्दल तक्रार नाही. या वृत्तपत्राच्या शोधवार्ता कसदार आहेत. बदनामीच्या खटल्याची टांगती तलवार असतानाही प्रत्येक आरोपाखाली मूळ कागदपत्र आणि संबंधितांचा खुलासा जोडलेला असतो, आणि पैसे तिथेच वसूल होतात. २०२३ मध्ये कॅनडाने बातम्यांसाठी मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा असा कायदा केल्यावर फेसबुकची मालक कंपनी मेटाने तेथे फेसबुक व इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणेच बंद केले. असा फटका टाळायला या वृत्तपत्राचे रोज थेट ईमेलवर येणारे बातमीपत्र उपयोगी आहे. वर्गणी भरूनही जाहिराती मात्र दिसतातच, शिवाय आपोआप होणारे नूतनीकरण थांबवण्याचे बटण सेटिंगमध्ये खोल दडवले आहे, हे अजिबात पटत नाही.