इंकस्केपवर सुपरहिरोची पोस्टरं: फुकटात भारी, फक्त छापायला देताना सांभाळा

सुपरहिरोचं फॅनआर्ट करायचं तर इलस्ट्रेटर (ॲडोबीचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) पाहिजेच असं जो तो सांगतो, आणि मग त्याचं महिन्याच्या महिन्याला भरायचं भाडं ऐकलं की अर्धी पोरं तिथंच गप्प बसतात, नायतर कुठूनतरी क्रॅक (चोरीची कॉपी) उतरवून लॅपटॉपची वाट लावून घेतात. त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. इंकस्केप हे तसंच सॉफ्टवेअर, पण फुकट आहे, ट्रायल-बियल नाही, कायमचं फुकट, २००३ पासून जगभरातले लोक मिळून ते बनवतायत, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. मी कुडाळात बसून जुन्या लॅपटॉपवर साध्या माउसने त्यावर पोस्टरं करतो आणि डिझाइनपुरतं तरी मला दुसरं काही लागत नाही. छपाईचं मात्र वेगळं आहे, त्यावर खाली येतोच.

सुपरहिरो आणि व्हेक्टर (इंकस्केपमध्ये होतं ते, रेषा आणि आकारांनी बनणारं चित्र) ही जोडी जमते त्याला कारण आहे. सुपरमॅन आला १९३८ ला, बॅटमॅन १९३९, स्पायडरमॅन १९६२, तेव्हा ही कॉमिक्स स्वस्तातल्या कागदावर मोजक्या शायांत छापायचे, म्हणून सपाट रंग, जाड काळी आउटलाइन आणि ठिपक्यांची शेडिंग. व्हेक्टरमध्ये हेच तर सगळ्यात सोपं असतं. ठिपक्यांसाठी तर वेगळं काही उतरवावं पण लागत नाही, फिलमध्ये (आकारात भरायचा रंग) पॅटर्न निवडायचा, पोल्का डॉट्स तिथं आयतेच बसलेत.

मुखवटा करताना तर मजाच येते. अर्धाच चेहरा काढायचा, कीबोर्डवर बी दाबून पेन टूल घ्यायचं, कपाळ, कान, गालाचं हाड, हनुवटी एवढीच एक बाजू, मग पाथ इफेक्टमध्ये मिरर सिमेट्री लावायची की दुसरी बाजू आपोआप उभी राहते. आता एन दाबून नोड टूल घ्या आणि डावीकडचा एक नोड (रेषेवरचा बिंदू) ओढा, उजवीकडचा कान पण तेवढाच हलतो, डोळ्याची खाच थोडी वाकडी केली की बॅटमॅन लगेच चिडका दिसायला लागतो. आणि पेन टूलच्या वरच्या पट्टीत शेप म्हणून एक छोटा ड्रॉपडाउन आहे, बहुतेक जण तिकडं बघतच नाहीत, त्यात ट्रँगल इन किंवा एलिप्स केलं की लाइन शाईच्या ब्रशसारखी कुठं जाड कुठं बारीक येते. सगळीकडं एकाच जाडीची आउटलाइन असली की पोस्टर शाळेच्या तक्त्यासारखं दिसतं, तेव्हा हा ड्रॉपडाउन वापराच.

माझं आवडतं काम म्हणजे गंजिफा सिरीज. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवतात ते बऱ्याच जणांनी बघितलं असेल, गोल पत्ते, दशावतारी जोड १२० पानांचा, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पानं, राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मी त्यात बॅटमॅनला राजा केला आणि त्याच्या साथीदाराला, रॉबिनला, प्रधान, बाकीच्या पानांवर नुसती वटवाघळं. (आजीने बघून विचारलं, "ह्या वागूळ खंयसून हाडलंस?" म्हणजे हे वटवाघूळ कुठून आणलंस.) इथं क्लोन (मूळ चित्राला जोडलेल्या नकला) कामाला आले. एक वटवाघूळ काढायचं आणि ऑल्ट डी दाबत त्याचे क्लोन मांडत जायचे, नंतर मूळ वटवाघळाचा पंख बदलला की सगळ्या पानांवरचे पंख बदलतात, एकेक दुरुस्त करत बसायला नको. काठाच्या पाकळ्यांना क्रिएट टाइल्ड क्लोन्स वापरा, एक ओळ, बारा कॉलम, शिफ्ट एक्स उणे १०० टक्के, रोटेशन ३० अंश, फक्त त्याआधी पाकळीवर एकदा आणि जरा थांबून पुन्हा एकदा क्लिक करून फिरण्याचा मधला बिंदू पत्त्याच्या केंद्रावर नेऊन ठेवायचा. बारा गुणिले तीस म्हणजे तीनशे साठ, काठ पूर्ण. हाताने रंगवणाऱ्यांच्या काठात जो जीव असतो तो यात येत नाही हे मान्य, पण पोस्टरला चालून जातं.

मराठी अक्षरं हा माझ्यासाठी मोठा प्लस. युनिकोडमध्ये टाइप करा, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं जागच्या जागी बसतं. बलू आणि मुक्त हे दोन फॉन्ट फुकट मिळतात, बलू तर जाड आणि गोलमटोल, कॉमिकच्या टायटलला एकदम बेस्ट.

ट्रेस बिटमॅपबद्दल (फोटोचं आपोआप व्हेक्टर करणारं टूल) मात्र माझं स्पष्ट मत आहे. सिनेमाचा स्टिल टाकायचा, बटण दाबायचं आणि हे बघा माझं व्हेक्टर आर्ट म्हणायचं, हा प्रकार बंद करा राव. त्यातून हजारो नोडचा चिवडा निघतो, ना रंग बदलता येत धड ना लाइन. आपण कागदावर पेन्सिलने काढलेलं स्केच काळंपांढरं ट्रेस करायला ते टूल ठीक आहे, पण फोटो असेल तर खालच्या लेयरवर फिका करून लॉक करा आणि वरून हाताने काढा, वेळ जातो पण चित्र आपलं होतं.

जड वाटतं कुठं, तर ब्लरमध्ये, म्हणजे धूसर करायच्या इफेक्टमध्ये. मागे धुकं, पुढे ग्लो, अंगावर सावली असं ब्लर लावत सुटलं की साध्या लॅपटॉपला घाम फुटतो. त्यासाठी व्ह्यूमध्ये आउटलाइन मोड (नुसत्या रेषा दिसतात) करून काम करायचं, शेवटी परत नॉर्मल. प्रेफरन्सेसमध्ये ऑटोसेव्ह पण बघून घ्या आणि पाच मिनिटांवर आणा, आपल्याकडं जून-जुलैत लाइट कधी जाईल नेम नाही आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीचा भरवसा कोणी धरावा.

आता छपाई. आपल्याकडं बॅनर-पत्रिकावाले जवळजवळ सगळे कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरवर, तेही कुठलं तरी जुनं व्हर्जन. एकाकडे एसव्हीजी (इंकस्केपची फाइल) घेऊन गेलो तर म्हणे, "माका कोरलची फाइल व्हयी, ह्या माझ्याकडे उघडाचा नाय." उघडलं तरी अक्षरं फुटतात, कारण जुन्या कोरलला युनिकोड देवनागरी झेपत नाही. तेव्हा वाद घालू नका, पीडीएफच द्या, आणि पीडीएफ सेव्ह करताना जी खिडकी येते त्यात कन्व्हर्ट टेक्स्ट टू पाथ्स निवडा, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि त्याच्याकडं फॉन्ट असो नसो, फरक पडत नाही. त्याच खिडकीत रास्टरायझेशनचं (ब्लरसारख्या भागांचं साधं चित्र करण्याचं) रिझोल्यूशन असतं, तिथला आकडा कमी असतो तो ३०० करा, नायतर ब्लरवाले भाग छापून चौकोन चौकोन दिसतील.

रंगाची खरी अडचण मात्र इंकस्केपचीच आहे. कलर पिकरमध्ये सीएमवायकेचा (छपाईच्या चार शायांचा) टॅब दिसतो, त्याला भुलू नका, साध्या वापरात फाइल आरजीबीच (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा) राहते. स्क्रीनवरचा सुपरमॅनचा झगझगीत निळा प्रेसवर गेला की जांभळट होतो, सुपरमॅन कमी आणि लग्नातला मामा जास्त वाटतो. यावर दोन उपाय. एक, निळा आधीच थोडा आकाशीकडे झुकवायचा, छपाईत सायन (आकाशी शाई) १०० टक्के असेल तर मॅजेंटा (गुलाबी शाई) साधारण ७० च्या वर जाऊ द्यायचा नाही. दुसरा, एसव्हीजी स्क्रायबस या छपाईची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तिथून सीएमवायके पीडीएफ काढायची, तेही फुकटच आहे, पण दुसरं सॉफ्टवेअर शिकायचा व्याप आहे. मी पहिलाच उपाय करतो आणि आधी एक छोटा प्रूफ (नमुना छाप) मारून घेतो.

साइज १२ बाय १८ इंच ठेवा, डिजिटल प्रेसच्या १३ बाय १९ च्या कागदात ती बसते, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कडा) सोडा आणि ३०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट कार्ड सांगा. मॅट लॅमिनेशन करून सनबोर्डवर (फोमचा हलका बोर्ड) चिकटवून घ्या, नुसता कागद आपल्या ओल आलेल्या भिंतीवर पावसाळा काढत नाही, बुरशी धरते.

विकायचं का असं बरेच जण विचारतात. ही पात्रं डीसी आणि मार्व्हलच्या मालकीची आहेत, घरात लावा, मित्राला बर्थडेला द्या, पण स्टॉल लावून विकणं मी तरी करत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार, कापलेला एक त्या सीएमवायकेचा. शिकायला सोपं आहे का, तर पेन टूलवर हात बसेपर्यंत वैताग येतो, नंतर नाही. आणि ज्यांना धूर, ढग, चकाकणारे स्नायू असलं पेंटिंग टाइप पोस्टर करायचंय त्यांनी याच्या नादी लागू नये, क्रिटा हे पेंटिंगचं सॉफ्टवेअर घ्या, तेही फुकट आहे.